व्हेपर चेंबरच्या कॅपिलरी रचनेवर पेटंट मिळू शकतं का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: ९० मिलिमीटर लांबीचं तांब्याचं व्हेपर चेंबर (चिपची उष्णता आतल्या द्रवाची वाफ करून दूर नेणारी सपाट, बंद पेटी), आत पाणी. चिपवर येणाऱ्या भागात साधारण ६० मायक्रॉन कणांच्या तांब्याच्या पावडरीचा सिंटर केलेला (न वितळवता भट्टीत तापवून कण एकमेकांना चिकटवलेला) थर, उरलेल्या तळावर १०० मेशची (इंचाला १०० भोकं असलेली) जाळी. सांध्यापाशी पावडर जाळीच्या भोकांत भरून दोन्ही एकत्र भट्टीतून काढले आहेत. चेंबर उभं केलं आणि चिप वरच्या टोकाला ठेवली तरी ते कोरडं पडत नाही. विक म्हणजे द्रव शोषून परत गरम जागी नेणारा सच्छिद्र थर. या 'दुहेरी विक'वर पेटंट मिळेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

दुहेरी विकवर मिळणार नाही. सांध्यावर मिळू शकतं. तुम्ही सांध्याचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे, पण माझ्या मते सगळा अर्ज त्या वाक्याभोवती उभा राहायला हवा.

या क्षेत्रात मूळ कल्पना फार जुन्या आहेत. जनरल मोटर्सच्या गॉगलर यांना १९४४ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. त्यात बंद नळी, आत द्रव आणि द्रव परत आणणारी सच्छिद्र रचना हे सगळं आहे. त्यांना सोडवायचा प्रश्नही तुमच्यासारखाच होता: उष्णता वर घ्यायची, खाली सोडायची आणि द्रव वर चढवायला वेगळी शक्ती खर्च करायची नाही. पुढे १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या ग्रोव्हर यांनी स्वतंत्रपणे तेच शोधलं, त्याला 'हीट पाइप' हे नाव दिलं, आणि त्यांचं पेटंट १९६६ साली मंजूर झालं. दोन्ही पेटंटांची मुदत केव्हाच संपली आहे, पण त्यांतलं ज्ञान कायमचं जाहीर आहे. त्यामुळे 'गरम टोक वर असलं तरी चालतं' हा नुसता परिणाम नवा म्हणून मांडता येणार नाही. केशाकर्षण, म्हणजे बारीक छिद्रांत द्रव आपोआप ओढला जाणं, हा तर निसर्गनियमच आहे, त्यावर कुणाचाच हक्क नाही.

आता दुहेरी विक का अडते ते पाहू. विक निवडताना दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. छिद्राची त्रिज्या निम्मी केली की केशाकर्षणाचा दाब दुप्पट होतो, पण त्याच रचनेत द्रव वाहू देण्याची क्षमता त्रिज्येच्या वर्गाने घटते, म्हणजे चौथाईवर येते. म्हणून बाष्पीभवनाच्या जागी बारीक छिद्रं आणि वाहतुकीच्या मार्गावर मोठी छिद्रं ठेवावीत, हे या विषयात काम करणाऱ्या कुणालाही सुचतं. जागेनुसार छिद्रं बदलणाऱ्या आणि दोन प्रकार एकत्र करणाऱ्या विक अनेक दशकं माहीत आहेत. पेटंट कार्यालयाचा परीक्षक एका कागदपत्रातून पावडर उचलेल, दुसऱ्यातून जाळी, आणि म्हणेल की प्रत्येक भाग आपलं नेहमीचंच काम करतो आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या केएसआर खटल्यात हेच सांगितलं: ओळखीचे भाग ओळखीच्या पद्धतीने जोडले आणि अपेक्षित तेवढंच फळ मिळालं, तर ते बहुधा सहज सुचण्यासारखं ठरतं. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३(एफ) आहे. एकमेकांपासून स्वतंत्रपणे, माहीत असलेल्या रीतीने चालणाऱ्या ज्ञात साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी त्यानुसार शोध मानली जात नाही.

सांध्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती आकड्यांत मांडली की लगेच दिसते. ६० अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ०.०६६ न्यूटन असतो. पाणी तांब्याला पूर्ण भिजवतं असं धरलं, तर तुमच्या पावडरीची प्रभावी छिद्रत्रिज्या १२ मायक्रॉनच्या आसपास येते आणि ती जवळजवळ ११ किलोपास्कल दाब देऊ शकते. १०० मेशच्या जाळीची प्रभावी त्रिज्या साधारण १२७ मायक्रॉन, म्हणजे दाब जेमतेम १ किलोपास्कल. उभ्या चेंबरमध्ये ९० मिलिमीटर पाण्याचा स्तंभ पेलायला सुमारे ८७० पास्कल लागतात. म्हणजे वरच्या टोकाला जाळीपाशी फार थोडी शिल्लक उरते.

आता जाळी आणि पावडरीचा थर नुसते शेजारी-शेजारी ठेवले आणि मध्ये ०.२ मिलिमीटरची फट राहिली असं धरा. भट्टीत आकसल्यावर एवढी फट सहज राहते. ती फट साधारण ६६० पास्कलपर्यंतच पाणी धरू शकते. गरज ८७० ची. फट रिकामी होते, द्रवाची सलगता तुटते आणि पावडरीकडे ११ किलोपास्कलची ताकद असूनही तिच्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. चिप तापते. म्हणजे अशा चेंबरची मर्यादा पावडरही ठरवत नाही आणि जाळीही ठरवत नाही, ती सांधा ठरवतो. तुम्ही सोडवलेला तांत्रिक प्रश्न हा आहे, आणि अर्जात तो याच शब्दांत यायला हवा.

आणि तुमच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा यातूनच निघतो. जाळीचा उपयोगच मुळी मोकळ्या वाहतुकीसाठी असतो. तिची भोकं पावडरीने बुजवली तर तिथला प्रवाह अडणार, हे वर सांगितलेल्या त्रिज्येच्या वर्गाच्या नियमावरून कुणालाही कळतं. म्हणून जाणकार माणूस सहसा ते टाळेल. तुम्ही तेच केलंत आणि चेंबर जास्त उष्णता पेलू लागलं, कारण बुजलेला पट्टा अरुंद असेल तर वाढलेला अडथळा किरकोळ राहतो आणि सलगता मात्र टिकते. पट्टा फार रुंद केला तर अडथळा वरचढ होईल, फार अरुंद केला तर फट परत डोकं वर काढेल. दोन्ही टोकांना कारण असलेली अशी मर्यादा परीक्षकासमोर टिकाव धरते. एरवी नुसत्या आकड्यांच्या मर्यादेवर ठरलेलं उत्तर येतं: नेहमीचे प्रयोग करून योग्य आकडा शोधणं हा शोध नव्हे. अमेरिकेत १९५५ च्या ॲलर निकालापासून हे तत्त्व चालत आलं आहे. त्याला उत्तर म्हणजे अनपेक्षित परिणाम दाखवणं, आणि तो मोजून दाखवणं. युरोपात परीक्षक सर्वांत जवळचं आधीचं कागदपत्र घेतो, त्याच्याशी तुमचा फरक काय, त्या फरकाने कोणता प्रश्न सुटला हे ठरवतो, आणि जाणकाराने तेच केलं असतं का असं विचारतो. 'करू शकला असता' एवढं पुरत नाही, 'केलं असतं' असं दिसावं लागतं. तुमचं उत्तर 'उलट त्याने ते टाळलं असतं' असं असेल, तर बाजू भक्कम आहे.

पण हे सगळं मोजमापांवर उभं आहे, आणि तुमच्या प्रश्नात पट्ट्याच्या रुंदीचा आकडाच नाही. तीन प्रकारचे नमुने करा: नुसता टेकवलेला सांधा, पावडर जाळीवर पसरलेली पण भोकांत न शिरलेली, आणि तुमची रचना, चार-पाच वेगवेगळ्या रुंदींची. सगळ्यांत पाणी सारखंच भरा, कारण भरणा बदलला की निकाल बदलतो आणि मग तुलनेला अर्थ राहत नाही. चिप वर ठेवून चेंबर उभं करा, वॅट टप्प्याटप्प्याने वाढवा आणि चिपखालचं तापमान अचानक उसळी घेतं तो वॅटचा आकडा टिपा. प्रत्येक प्रकारचे एकापेक्षा जास्त नमुने हवेत. एकुलता एक चांगला नमुना परीक्षकालाही पटत नाही आणि पटूही नये. हे सगळे आकडे अर्जाच्या पहिल्या दिवशीच मजकुरात असू द्या. अर्ज दाखल झाल्यावर त्यात नवा मजकूर घालता येत नाही, आणि अर्जातून दिसतच नसलेल्या परिणामासाठी नंतर पुरावे आणणं फार कठीण जातं.

क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागता ते सांगणारी अर्जातली वाक्यं, लिहिताना 'द्रवाचा प्रवाह सुधारणारी कॅपिलरी रचना' असली भाषा टाळा. ती जुन्या शेकडो रचनांना लागू पडते, म्हणून नावीन्यातच पडते. मी साधारण असं लिहीन: बंद पोकळी, तळाच्या पहिल्या भागात धातूची जाळी, उष्णता घेणाऱ्या दुसऱ्या भागात सिंटर केलेल्या पावडरीचा थर, आणि दोहोंच्या मध्ये एक पट्टा, ज्यात पावडरीचे कण जाळीच्या भोकांत शिरून तारांशी सिंटर होऊन जोडलेले आहेत आणि ज्याची रुंदी अमुक ते अमुक आहे. खालच्या क्लेममध्ये कणांचा आकार आणि जाळीचं भोक यांचं गुणोत्तर घ्या. तुमची भोकं साधारण १५० मायक्रॉनची आहेत, म्हणून ६० मायक्रॉनचे कण आत शिरतात, जाड पावडर वरच राहते. हे गुणोत्तर दुसऱ्या मापाच्या जाळीलाही लागू होतं, त्यामुळे कुणी जाळी बदलून सटकू शकत नाही. छिद्रत्रिज्या क्लेममध्ये घ्यायचीच असेल तर ती कशी मोजली ते लिहा, नाहीतर अस्पष्टतेचा आक्षेप येणारच.

रचनेचा क्लेम मला आणखी एका कारणासाठी आवडतो. स्पर्धकाचं चेंबर बाजारातून घ्यायचं, रेझिनमध्ये बसवायचं, कापायचं, पॉलिश करायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. कण भोकांत शिरून तारांना चिकटले आहेत की नाही हे उघड दिसतं. भट्टीचं तापमान, वेळ, वायू यांवरचा क्लेम मात्र दुसऱ्याच्या कारखान्यात शिरल्याशिवाय सिद्ध करणं अवघड. चांगलं उत्पादन देणारी नेमकी भट्टीची कृती तुम्ही गुपित ठेवू शकता. फक्त जाणकाराला रचना बनवता येईल एवढं अर्जात असायलाच हवं, आणि अमेरिकेत दाखल करणार असाल तर तुम्हाला माहीत असलेली उत्तम पद्धत उघड करणं कायद्याने अपेक्षित आहे.

आधीची पेटंटं शोधताना शब्दांवर विसंबू नका. एकाच गोष्टीला कुणी विक म्हणतं, कुणी कॅपिलरी थर, कुणी सच्छिद्र थर, आणि व्हेपर चेंबरला कुणी नुसतं सपाट हीट पाइप म्हणतं. पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने शोधा: एफ२८डी १५/०४ आणि त्याखालचा १५/०४६, जो कॅपिलरी रचनेचं साहित्य आणि बांधणी यांसाठीच आहे. जोडीला चिप थंड करण्यासाठी एच०१एल २३/४२७ पाहा. चीन आणि तैवानची युटिलिटी मॉडेल्स (छोट्या शोधांसाठीची पेटंटसारखी नोंदणी) वगळू नका. या विषयात ती खूप आहेत, आणि तीही आधीचं ज्ञान म्हणून तितकीच मोजली जातात. त्यांत मजकूर त्रोटक असतो, म्हणून आकृत्या नीट बघा. सांध्याचा छेद दाखवणारी एखादी आकृती निघाली, तर नावीन्य तिथेच संपू शकतं, मजकुरात त्याबद्दल एक शब्द नसला तरी. असं काही सापडलं तर पट्ट्याची रुंदी आणि कणांचं गुणोत्तर हे तुमचे उरलेले मुद्दे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: इथे तुम्ही जेवढं लिहिलं आहे त्यापुढे काहीही जाहीर करू नका. शक्य असेल तर प्रश्नातलं सांध्याचं वर्णन आजच काढा आणि ते किती दिवस दिसत होतं याची नोंद ठेवा. अमेरिका आणि जपानमध्ये शोधकाने स्वतः जाहीर केल्यापासून एक वर्षाची सवलत आहे. युरोपात तशी सर्वसाधारण सवलत नाही. तिथे स्वतःचा लेख, स्वतःचं पोस्टर, परिषदेतलं स्वतःचं भाषणही आपल्याच विरुद्ध वापरलं जातं. ग्राहकाला नमुने विकणंही जपून. अमेरिकेत २०१९ च्या हेल्सिन निकालानंतर गुप्ततेच्या अटीवर केलेली विक्रीसुद्धा विक्रीच धरली जाते. पहिला अर्ज केला की दुसऱ्या देशांसाठी १२ महिने मिळतात. पीसीटी (अनेक देशांसाठी एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करू देणारा करार) मार्गाने गेलात तर बहुतेक देशांत पहिल्या तारखेपासून ३० महिन्यांपर्यंत निर्णय लांबवता येतो. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि मुदत दाखल केल्याच्या तारखेपासून २० वर्षं.

शेवटचा मुद्दा थोडक्यात, कारण तो वेगळा विषय आहे: पेटंट मिळालं म्हणजे चेंबर बनवायची मोकळीक मिळाली असं नाही. तुमचा सांधा तुमचा असेल, पण चेंबरच्या आतल्या आधाराच्या खांबांची मांडणी, पाणी भरण्याच्या नळीचं सील किंवा कडांची जोडणी यांवर दुसऱ्याचं चालू पेटंट असू शकतं. ज्या देशांत बनवणार आणि विकणार आहात तिथली चालू पेटंटं त्यासाठी वेगळी तपासून घ्यावी लागतात, आणि तिथे आकृत्यांपेक्षा क्लेमचा शब्दन् शब्द वाचावा लागतो. हे काम साचे बनवायला टाकण्याआधी करून घ्या, म्हणजे गरज पडली तर खांबांची मांडणी बदलायला वाव राहील.