जेसी फील्डबाईंबद्दल बोलायचंय तर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

मेल वाचली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या क्लॅरिंडाच्या लोकांनी जेसी फील्ड यांच्यावर दहा मिनिटं बोलायला बोलावलंय, आणि तू अडलीस कुठे, तर त्यांना ‘फोर-एच’ची, म्हणजे तिथल्या शेतकरी पोरांच्या क्लबांतून उभ्या राहिलेल्या संघटनेची, ‘जननी’ म्हणावं की नाही! ओहायोत ग्रॅहम यांनी १९०२ मध्येच मुलांचा क्लब काढला होता, फोर-एचचं चिन्ह असलेल्या क्लोव्हरच्या पानाचं श्रेय आयोवातल्याच राइट काउंटीच्या बेन्सन यांनाही देतात, मग बाईंच्या वाट्याला काय उरलं, असं तू विचारतेस. पहिलं कोण, याचा निवाडा करायला तुला बोलावलेलं नाही. त्यांचं काम दाखव.

शेनँडोहजवळच्या शेतावरची मुलगी, १९०१ मध्ये गोल्डनरॉडच्या एकखोली शाळेत शिकवायला लागली, १९०६ मध्ये पेज काउंटीची शिक्षणाधिकारी झाली, हाताखाली १३० शाळा. अमेरिकेत बायकांना देशभर मताधिकार मिळाला १९२० साली, हे जोडून सांग आणि पुढे चल. जन्मतारखा वाचायला लोकांना पाटी पुरते.

थांबायचं ते बियाण्यापाशी. संकरित मका यायच्या आधीचे दिवस. शेतकरी घरचीच कणसं राखून पेरायचा. एका कणसाला सातआठशे दाणे, म्हणजे एक कणीस फुसकं निघालं की तेवढी रोपं गेली. आयोवाच्या कृषी कॉलेजचे प्राध्यापक होल्डन १९०४ पासून आगगाडीतून गावोगाव हेच सांगत फिरत होते. बाईंनी ते वर्गात आणलं. पेटीत ओला लाकडाचा भुसा, वर चौकोन आखलेलं फडकं, प्रत्येक चौकोनाला कणसाचा नंबर, आणि प्रत्येक कणसाचे वेगवेगळ्या जागचे सहा दाणे. आठवडाभराने मोजायचं. कोंब धड आले नाहीत तर ते कणीस डुकरांना. बापाने निवडून ठेवलेलं कणीस दहा वर्षांचं पोर पुराव्यानिशी बाद करतंय, हे डोळ्यांपुढे आण जरा! गणितंही तशीच, शेतातली. १९१० मध्ये मुलांसाठी बिल्ला केला तर क्लोव्हरच्या तीन पानांवर तीन ‘एच’, हेड, हँड्स आणि हार्ट म्हणजे डोकं, हात आणि हृदय यांचे, आणि मधोमध मक्याचा दाणा, त्यावर ‘पेज’. म्हणजे बिल्ल्यावरही कामच. चौथा ‘एच’ कोणाचा, कधीचा, यात शिरू नकोस म्हणून पुन्हा बजावतो.

‘मी परकी, मी काय सांगणार?’ हे वाक्य वाचून मात्र डोकं फिरलं. तू वाशीमची ना? मे महिन्यात ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे मांडून तुझ्या घरी मोजत नाहीत? सत्तर उगवले तर पेरायचं, कमी आले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं किंवा बियाणंच बदलायचं. गोल्डनरॉडच्या पोरांनी जे केलं ते हाताने केलेली त्या सभेत तू एकटीच असशील कदाचित. आणि म्हणे परकी.

मी एवढा का चिडतो ते तुला ठाऊक आहे. आमच्या गावच्या गुरुजींच्या जन्मशताब्दीला मी समितीत होतो. गुरुजी चौथीच्या पोरांकडून शाळेमागे वाफे करून घ्यायचे, खताची पाटी ज्याची त्याने आणायची. मी म्हणालो, वाफे पुन्हा सुरू करू, तेच स्मारक. समितीने अर्धपुतळा ठरवला. गुरुजींच्या हाताखाली शिकलेले म्हातारे अजून सगळं सांगायला जिवंत होते, आणि बैठका चालल्या होत्या चौथऱ्याला कोटा फरशी की ग्रॅनाइट यावर. मी अनावरणाला गेलो नाही. ‘सर शिष्ट आहेत’ असं अजूनही म्हणतात. म्हणू देत. पुतळ्याला माझा विरोध नव्हता. त्याच्या मागची जागा पार्किंगला दिली, त्याला होता. आज पुन्हा तीच समिती बसली तरी मी तेच बोलेन आणि तसाच घरी बसेन. असो, तुझ्या पत्रात माझं गाऱ्हाणं नको.

तेव्हा असं कर. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी पेटी लाव. गोल्डनरॉडची इमारत तिथल्या संग्रहालयात जपून ठेवलीय, तिथेच ठेवता येते का विचार. दुकानातलं मक्याचं बियाणं घेऊ नकोस, त्याला औषध चोळलेलं असतं, पोरांच्या हाती नको. डेकोराच्या सीड सेव्हर्स एक्स्चेंजकडे जुने वाण जपतात, त्यांना लिही. रीड्स यलो डेंट मिळाला तर उत्तम, तेव्हा तोच पेरत. दोनतीन कणसं मुद्दाम खराब मिसळ. कोणती, ते सांगू नकोस. तू दोन मिनिटं बोल, बाकी वेळ पोरांना मोजू दे.

आयोजक कुरकुरतील, भाषण कुठे म्हणतील. म्हणू देत. किती दाणे उगवले तेवढं मला कळव. फोटो नाही पाठवलेस तरी चालेल.

तुझा,
सर