फॉर्मवर नसलेला रकाना

प्रिय ईशान,

परवा सिलेक्टिव्ह सर्व्हिसचा, म्हणजे अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती करायची वेळ आली तर म्हणून मुलग्यांची नावं नोंदवून ठेवतात तो, फॉर्म भरताना तू फोनवर विचारलंस, ‘बाबा, आपल्या मराठी लोकांतही असं धरून लढाईला न्यायचे का?’ मी ‘छे, आपल्याकडे नाही’ म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर ते उत्तर मलाच खटकत राहिलं.

तसं ते अर्धं खरं आहे. शिवाजी महाराजांच्या फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, आणि नव्या माणसाला आधीच चाकरीत असलेल्या कुणाचा तरी जामीन लागे. जिथे जामीन मागतात तिथे धरपकड कशाला होईल? पण मराठेशाहीत वेठही होती. ओझी वाहायला किंवा गडाच्या कामाला बोलावणं आलं की गावच्या गरिबाला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती.

पुढे इंग्रजांच्या अमलात सगळं उलटंच झालं. 1892 मध्ये त्यांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पेन्शनर सैनिक. त्यांनी आणि नंतर महार समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी ‘आम्हाला पुन्हा घ्या’ म्हणून अर्ज केले. 1917 मध्ये महायुद्धाला माणसं कमी पडली तेव्हा महारांची पलटण उभी राहिली, आणि गरज सरल्यावर 1921 मध्ये मोडली. महार रेजिमेंट व्हायला 1941 उजाडलं. तू सक्तीला वैतागतोस, आणि तिथे माणसं लढायला मिळावं म्हणून दारं ठोठावत होती, कारण गणवेशाबरोबर पगार, पेन्शन आणि माणूस म्हणून थोडी पत येई.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय फौज 25 लाखांच्या घरात गेली. सगळे ‘स्वेच्छेने’ आलेले, असं पुस्तकात लिहितात. कोरडवाहू जमीन आणि दाराशी सावकार असला की भरतीवाल्याला वेगळा कायदा कशाला लागतो?

भारताच्या राज्यघटनेच्या 23व्या कलमाने वेठबिगारी बंद केली. त्याच कलमात पुढे म्हटलंय की सार्वजनिक कामासाठी राज्य सक्तीची सेवा लादू शकतं, मात्र केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून भेद करता येणार नाही. 1962, 65 आणि 71 ची युद्धं भारत सक्तीच्या भरतीशिवायच लढला.

माझं मत विचारशील तर, देशावर कुणी चालून आलं तर जखमींना उचलायला, ओझी वाहायला सक्ती केलेली मी मान्य करीन. पण मन कबूल नसताना कुणाच्या हातात बंदूक देऊन ‘मार’ म्हणायचा हक्क मी सरकारला देणार नाही. आणि सक्ती असलीच तर ती सगळ्यांना हवी. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी इथे अमेरिकेत, कुणाला आधी बोलवायचं ते ठरवायला, 1 डिसेंबर 1969 ला काचेच्या भांड्यातून जन्मतारखांच्या 366 निळ्या कॅप्सूल काढल्या. पहिली निघाली 14 सप्टेंबर. चिठ्ठी सगळ्यांना सारखी, असं वाटतं ना? पण कॉलेजात असलेल्या मुलांना तेव्हाही भरती पुढे ढकलायची मुदत मिळतच होती.

फॉर्म भरून टाक, कायदा आहे. ‘माझा युद्धाला विरोध आहे’ असं सांगायला त्यावर रकाना नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. ते सांगायची वेळ खरंच बोलावणं आलं तर येते. म्हणून तुला आज काय वाटतं ते वहीत तारीख घालून लिहून ठेव.

आणि हो, ताईला हा फॉर्म कधीच का आला नाही, असं आई विचारत होती. त्याचं उत्तर तूच दे तिला.

तुझा,
बाबा