वाचकांचे प्रश्न : पाचोळ्यातला भुंगेरा नवा आहे, हे ठरतं कसं?

प्रश्न : सर, मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव शाहूवाडी तालुक्यात, आंबा घाटाकडे. दिवाळीच्या सुट्टीत परड्यामागच्या अंजनी-जांभळाखालचा ओलसर पाचोळा आईच्या चाळणीने पांढऱ्या कापडावर चाळला. त्यात दोन मिलिमीटरही भरणार नाहीत असे दोन तांबूस भुंगेरे सापडले. फोटो सोबत पाठवते आहे. मोबाइलच्या ॲपला नाव सांगता येईना. ही नवीन प्रजाती असेल का? असेल तर तिला माझ्या आजोबांचं नाव देता येईल का? दोन्ही भुंगेरे सॅनिटायझरमध्ये ठेवलेत.
– विद्यार्थिनी, ता. शाहूवाडी

उत्तर : फोटो मोठा करून पाहिला. पाठीवरची टणक कवचं आखूड आहेत, पोटाचा बराचसा भाग उघडा आहे आणि मिशा टोकाला जाड होत गेल्यात. एवढ्यावरून सांगतो, हा स्टॅफिलिनिडी कुळातल्या सेलाफिनी या उपकुळातला भुंगेरा आहे. पाचोळ्यात राहून स्प्रिंगटेल, माइट असले बारीक जीव धरून खाणारी ही मंडळी. यांतले काही तर मुंग्यांच्या वारुळात मुक्काम करतात. तुला हे दिसले याचाच मला आनंद झाला, कारण आयुष्यभर जंगलात हिंडणाऱ्या माणसांनाही ते दिसत नाहीत.

पण नवीन आहे का, ते फोटोवरून मी सांगणार नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नकोस. ॲप फोटोंवर शिकतं, आणि असल्या भुंगेऱ्यांचे फोटो कुणी काढलेलेच नसतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेलं चार-सहा ओळींचं वर्णन, आणि परदेशातल्या संग्रहालयात टाचणीवर बसलेला एखादा नमुना, एवढीच कित्येक प्रजातींची नोंद आहे. आशिल रॅफ्रे नावाच्या फ्रेंच राजनैतिक अधिकाऱ्याने जगभरातल्या या भुंगेऱ्यांची वर्णनं केली. त्याचा संग्रह पॅरिसच्या संग्रहालयात आहे. तुझा भुंगेरा त्याच्या जीनसमधल्या, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजातींच्या गटातल्या, आधी नाव दिलेल्या प्रत्येक प्रजातीहून वेगळा आहे, हे दाखवता आलं तरच तो नवा. खरी मेहनत सापडण्यात नाही, या ताडून पाहण्यात आहे. एका जुन्या नमुन्यासाठी महिनोन् महिने पत्रव्यवहार चालतो.

त्याआधी तुझ्या दोनांतला एक तरी नर निघायला हवा. पुष्कळ प्रजातींच्या माद्या वरून सारख्याच दिसतात. नराच्या पायावर एखादा काटा असतो, मिशीच्या पेरात फुगवटा असतो, पोटाखाली खळगा असतो. तरीही शेवटचा निकाल लागतो तो नराच्या जननेंद्रियावर. कोमट पाण्यात भुंगेरा मऊ करायचा, मायक्रोस्कोपखाली दोन अतिबारीक सुया घेऊन पोटाचे शेवटचे खंड हळूच सोडवायचे, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून स्नायू विरघळू द्यायचे, मग पाण्यात धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात पाहायचं. राहतो तो एक पिवळसर, पारदर्शक, वाकडा अवयव, मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढा. त्याच्या टोकाचं वळण, आतले काटे, कडेचे केस यांवर प्रजाती वेगळी ठरते. तो श्वास रोखूनच बघावा लागतो, उच्छ्वासाने थेंब हलतो. बघून झालं की हा अवयव फेकायचा नाही. भुंगेऱ्याच्याच टाचणीवर, खाली पारदर्शक कार्डावर चिकटवून ठेवायचा. पुढे कुणाला शंका आली तर त्याने स्वतः पाहावं.

डीएनएचं काय, असं तू विचारशीलच. माइटोकॉन्ड्रियातल्या एका जीनचा 658 अक्षरांचा तुकडा वाचून तुलना करतात, त्याला बारकोड म्हणतात. कुठली मादी कुठल्या नराच्या प्रजातीची, हे जुळवायला त्याचा फार उपयोग होतो. पण शतकापूर्वीच्या नमुन्यांचे बारकोड बहुधा उपलब्ध नसतात, म्हणून सुई-मायक्रोस्कोप सुटत नाही.

आता तुझ्या हातात काय आहे, ते सांगतो. भुंगेरे सॅनिटायझरमधून आजच काढ. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून अल्कोहोल माग. डीएनए काढायचा असेल तर 95 टक्क्यांच्या वरचं हवं. अंग मऊ राहून चिरफाड नीट व्हावी म्हणून 70 टक्के बरं. दोनच आहेत, तर एकेक दोन्हींत ठेव. आणि बाटलीच्या आत चिठ्ठी टाक. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी पडते, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते, म्हणून जाड कागदावर पेन्सिलीने लिही : राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, कुठल्या झाडाखालचा पाचोळा, चाळून काढला की कसा, आणि तुझं नाव. भुंगेऱ्याचा पाय तुटला तर चालतं. चिठ्ठी हरवली तर तो नमुना शास्त्राला जवळजवळ निरुपयोगी झाला. मी आलेल्या बाटल्यांत आधी चिठ्ठी वाचतो, किडा नंतर बघतो.

चिठ्ठीवर एवढा भर का? पाचोळ्यातल्या कित्येक भुंगेऱ्यांचे पंख आखडलेले असतात किंवा नसतातच. उडता येत नाही, सड्यावर, म्हणजे उघड्या कोरड्या कातळाच्या पठारावर, जगता येत नाही, मधली दरी ओलांडता येत नाही. लाखो वर्षं एका डोंगराच्या ओलाव्यात अडकून राहिलेली अशी वस्ती शेजारच्या डोंगरावरच्या वस्तीपासून वेगळी होत जाते. म्हणून आंबा घाटातला भुंगेरा गगनबावड्याला किंवा दाजीपूरला असेलच, असं धरता येत नाही. नुसतं 'कोल्हापूर जिल्हा' लिहिलेला नमुना मला काहीच सांगत नाही. तुझ्या परड्याचं नाव लिहिलेला सांगतो.

आणखी नमुनेही लागतील. चाळलेला पाचोळा पत्र्याच्या नरसाळ्यात जाळीवर पसर, वर बल्ब लाव, खाली अल्कोहोलची बाटली ठेव. वरून पाचोळा सुकत जातो, जीव ओलाव्याच्या मागे खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. अंतोनियो बर्लेसी या इटालियन कीटकशास्त्रज्ञाची ही नरसाळ्याची युक्ती शंभर वर्षं होऊन गेली तरी चालू आहे. पाऊस ओसरल्यावर, पाचोळा ओला पण निथळलेला असताना, सगळ्यात चांगलं हाती लागतं. हे सगळं स्वतःच्याच परड्यात कर. राधानगरी अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय एक मूठ पाचोळाही उचलायचा नाही.

आजोबांच्या नावाबद्दल. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता त्याला आडकाठी करत नाही. पुरुषाच्या नावाला शेवटी 'आय' हे अक्षर लावतात, गावाच्या नावाला 'एन्सिस'. मात्र नाव ठेवण्याचा हक्क वर्णन छापणाऱ्याचा असतो, सापडवणाऱ्याचा नव्हे. तू वर्णनाच्या कामात बसलीस तर लेखकांत तुझंही नाव येईल आणि तेव्हा आजोबांचा शब्द टाकता येईल. तोवर कुठेही नाव जाहीर करू नकोस. 1 जानेवारी 2000 नंतरच्या वर्णनात नावाचा आधार असलेला नमुना, म्हणजे होलोटाइप, नेमून तो कुठल्या संग्रहात ठेवला हे लिहावंच लागतं. फक्त ऑनलाइन छापायचं असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदही लागते. आणि आपल्या 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या प्रजातीचा नमुना सरकारने नेमलेल्या संस्थेत जमा करणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी अशी एक संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था. पुण्याला आकुर्डीत तिचं केंद्र आहे. आपल्याकडचे नमुने आपल्याकडे राहणार, याचं मला फार समाधान वाटतं. पुढच्या मुलीला एका नमुन्यासाठी पॅरिसला पत्र लिहावं लागणार नाही, आकुर्डीची एसटी पुरेल.

तुझ्या प्राणिशास्त्राच्या मॅडमना ही बाटली दाखव. नर निघाला तर मला कळव, सुया घेऊन बसू.

प्रश्न : आमच्याकडे भाताच्या तरव्याचं, म्हणजे रोपं तयार करायचं, रान भाजायला देवराईतला पाचोळा आणतात. किडे-भुंगेरे मरतात म्हणून ते बंद करा, असं मुलगा म्हणतो. तरवा तर भाजावा लागतो. काय करावं?
– शेतकरी, ता. गगनबावडा

उत्तर : मुलाचं बरोबर आहे. तुमची अडचणही खरी आहे. पाचोळ्यातलं जीवन वरच्या कोरड्या, कुरकुरीत पानांत थोडं आणि खालच्या काळपट, कुजत आलेल्या थरात जास्त असतं. खराट्याने जमीन उघडी पडेपर्यंत ओढलं की तो थरच जातो, आणि उडता न येणारा भुंगेरा बाहेरून परत येऊन वस्ती करू शकत नाही. ऊसवाल्यांनी पाचट सरीत कुजवायला सुरुवात केली, त्यामागेही जमिनीतल्या जिवांचाच हिशोब आहे. तरव्यासाठी बांधावरचा, काजूखालचा पाचोळा आधी वापरा. देवराईतून आणायचाच झाला तर कडेचा, तोही हाताने, वरवरचा उचला. देवाच्या मागची झाडी आणि झऱ्याची बाजू अजिबात झाडू नका. तिथली पानं अगदी उन्हाळ्यातही खालून ओली असतात, आणि पावसाळ्यापर्यंत सगळे जीव तिथेच दम धरून राहतात.