"मी बोलायला गेलो की बिघडतं"

श्रद्धाळू माणसं समुपदेशनाला आली की एक वाक्य वरचेवर ऐकू येतं: "देवाला माझ्याकडून काय हवंय ते कळतंय, पण माझ्याच्यानं ते होणार नाही." त्यातल्या एका गृहस्थांची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पन्नाशी ओलांडलेले, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नियमित जाणारे. वाटणीवरून थोरल्या भावाशी बोलणं तुटलेलं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. हा भाग वाचला जाऊ लागला की यांचा जीव कासावीस व्हायचा. "ताई, मी तोंड उघडलं की भांडण होतं. देवानं दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं ना."

शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले, पण बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात, देव इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडवायला पाठवतो तेव्हा, मोशे जवळपास हेच म्हणतो. मी त्यांना तिसरा आणि चौथा अध्याय सलग वाचून मोशेच्या सबबी लिहून काढायला सांगितलं. पुढच्या भेटीत वहीत पाच होत्या. मी कोण? तुझं नाव विचारलं तर काय सांगू? ते विश्वास ठेवणार नाहीत. मी जड जिभेचा. दुसऱ्याला पाठव.

"पहिल्या सबबीला देव काय म्हणाला?"

"मी तुझ्याबरोबर असेन."

"तू लायक आहेस, असं कुठं म्हणाला?"

त्यांनी पानं पुन्हा चाळली. तसं कुठंच नव्हतं. शेवटच्या सबबीवर तर देव रागावतो, आणि तरीही बोलायला सोबत त्याचा भाऊ अहरोन देतो.

घोळ इथंच होतो, असं माझं मत आहे. 'ही आज्ञा देवाची आहे का' आणि 'मी तिला पुरा पडेन का' हे दोन प्रश्न आपण एकमेकांत गुंतवतो. यांना पहिल्याचं उत्तर पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' होतं आणि ते खोटं नव्हतं; त्यांचा राग मी खोलीत बसून पाहिला होता. त्यामुळे "जमेल हो तुम्हाला" असं म्हणून मी त्यांना चढवलं नाही.

(पहिला प्रश्न नेहमी इतका सोपा नसतो. 'देवानं सांगितलं' म्हणून कुणी चालू औषधं बंद करतं, कुणाला आवाज ऐकू येतात, झोप उडते. तिथं मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या, असं बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्रही सांगतंच.)

मग बायबलमधल्या शास्ते या पुस्तकातला गिदोन काढला. बापाची बआल या परक्या दैवताची वेदी मोडायची आज्ञा त्याला देवाकडून होते. घरच्यांची आणि गावकऱ्यांची भीती वाटते, म्हणून तो ते काम दिवसा न करता दहा चाकरांना घेऊन रात्री उरकतो. भ्यायला, पण वेदी मोडली. शास्त्यांच्या सहाव्या अध्यायात त्या रात्रीबद्दल देव त्याला बोल लावत नाही.

हे ऐकून गृहस्थ पहिल्यांदा हसले. समोरासमोर भेटायचं नाही, पत्र लिहायचं ठरलं. वाटणीचा विषय त्यात काढायचा नाही. आईच्या आजारपणात आपण जे बोललो, तेवढ्याचीच क्षमा मागायची. पाठवण्याआधी पत्नीनं वाचायचं. खर्ड्यात जागोजागी 'पण तुम्हीही' होतं. ते सगळं तिनं खोडलं.

बऱ्याच दिवसांनी भावाचा फोन आला. "पत्र मिळालं. बघू." एवढंच. हे हिरमुसले. "आज्ञा पाळून काय मिळालं मग?"

बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौल सर्वांशी शांतीनं राहायला सांगतो, पण 'तुमच्याकडून होईल तितकं' अशी मर्यादा घालून. भावाचं मन वळवण्याची जबाबदारी यांच्यावर नव्हती. क्षमा मागणं त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी केलं.

वाटणीचं प्रकरण अजून वकिलांकडेच आहे. आम्ही आता त्यांच्या रागावर काम करतो आहोत आणि ते सावकाशीनं चाललंय. राग निवळेपर्यंत पत्र थांबवलं असतं, तर ते अजून लिहून झालं नसतं.