ज्वेफ या फ्रेंच मॉडेल रेल्वेचा इतिहास काय? ते नुसतं खेळणं आहे का?

तुम्ही लिहिलंय की मामांनी पॅरिसहून ज्वेफचा एक जुना संच आणून दिलाय, ठेवावा की विकावा ते कळत नाही, आणि ओळखीतले एक जाणकार म्हणाले, ‘हे खेळणं आहे, मॉडेल नव्हे.’ इतिहासाकडे येतोच. आधी त्या जाणकारांचा समाचार घेऊ द्या, कारण हे वाक्य मी कित्येक वर्षं ऐकत आलोय आणि तेही घरातल्याच माणसाकडून.

आमचे दाजी नोकरीनिमित्त श्टुटगार्टला होते. ग्योपिंगेन, म्हणजे मार्कलीन या जर्मन मॉडेल रेल्वे कंपनीचं गाव, तिथून जवळच. दाजी मार्कलीनवाले झाले. मी फ्रान्समध्ये ल्योंला होतो आणि माझ्या खिशाला ज्वेफ परवडत होतं, म्हणून मी ज्वेफवाला. निष्ठाबिष्ठा सगळी नंतरची. एका उन्हाळ्यात ताई आणि दाजी आमच्याकडे राहायला आले आणि मी त्यांना ज्युराच्या डोंगरात फिरायला नेलं. कारण सांगितलं धबधब्यांचं. खरं कारण शाम्पान्योल, म्हणजे ज्वेफचं गाव.

त्या बाजूला उन्हाळ्यात गावोगावी रविवारी माळ्यावरचं सामान विकायचा बाजार भरतो. लोक घरासमोर, चौकात टेबलं मांडून जुन्या कपबश्या, लहान मुलांचे बूट, काय वाटेल ते विकतात. अशाच एका बाजारात एका आजीबाईंच्या टेबलावर बुटांच्या खोक्यात ज्वेफचे डबे आडवेतिडवे पडले होते. दाजींच्या खिशात पट्टी असतेच. त्यांनी एक प्रवासी डबा उचलला, पट्टी लावली आणि मला मराठीत हिशोब सांगायला सुरुवात केली: खरा डबा २६.४ मीटरचा धरला, तर १:८७ प्रमाणात तो ३० सेंटिमीटरच्या थोडा वर भरायला हवा, आणि हा बघ केवढा आखूड. मग इंग्रजीत, चारचौघांत, ‘टॉय!’

आजीबाईंना इंग्रजी येत नसावं, पण चेहरा वाचता येत होता. त्यांनी दाजींच्या हातातून तो डबा काढून घेतला. त्याची एक बोगी, म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट, निसटून लोंबत होती. माझ्याकडे बघत बघतच, खाली न पाहता, त्यांनी अंगठ्याने ती टक्कन जागेवर बसवली, डबा टेबलावर ठेवला आणि बोटाने हलकेच ढकलला. डबा सरळ टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि शेजारणीच्या केकच्या ताटाला जाऊन टेकला. मग म्हणाल्या की लग्नाआधी त्या कारखान्यात हेच काम करायच्या. त्यांच्या मुलांकडे ज्वेफ होती. मार्कलीन गावात एकाच घरी होती, डॉक्टरांच्या.

दाजींना मी याचं भाषांतर करून सांगितलं नाही. ताईचा नवरा, काय बोलणार? पण माझं सगळं म्हणणं त्या एका वाक्यात आहे. ज्वेफचा इतिहास इंजिनांवरच्या रिव्हेटांचा नाही, किमतीचा आहे. डॉक्टरांच्या मुलाकडे आगगाडी होतीच. ती बाकीच्या घरांत कोणी पोचवली, हे बघायचं.

आता इतिहास. १९४४ साली जॉर्ज युआर यांनी शाम्पान्योलला ही कंपनी काढली. ज्युरा म्हणजे लांबलचक हिवाळ्याचा मुलूख. शेतं बर्फाखाली असताना हाताला काम हवं म्हणून तिथे बारीक कारागिरी रुजली: सें-क्लोदचे तंबाखूचे पाइप, मोरेची घड्याळं आणि चष्मे, मुआरांची लाकडी खेळणी. युद्धानंतर प्लास्टिकच्या साच्यांचं तंत्र आलं, तेव्हा ते उचलायला या हातांना वेळ लागला नाही. पॅरिसची जेप कंपनी जुन्या पत्र्याच्या गाड्यांसाठी नावाजलेली होती, पण साठच्या दशकात ती संपली. ज्वेफने मात्र प्लास्टिक धरलं, एचओ, म्हणजे १:८७, हे लहान प्रमाण धरलं आणि किंमत इतकी खाली आणली की नाताळात साध्या पगारदाराच्या घरातही संच जाऊ लागला.

स्पर्धा होती हॉर्नबीची. लिव्हरपूलच्या मेकॅनोवाल्या फ्रँक हॉर्नबीचीच, पण तिची फ्रेंच शाखा. पॅरिसजवळ बोबिन्यीला त्यांचा कारखाना होता. १९६० मध्ये त्यांनी ‘हॉर्नबी-आशो’ मालिका आणली, पहिलं इंजिन बीबी १६००९. माल सुरेख होता, आजही संग्राहक त्याच्यावर जीव टाकतात. पण महाग. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मालिका बंद पडली आणि मैदान ज्वेफला मोकळं झालं. दरम्यान ज्वेफ इंग्लंडातही शिरली होती: कॉर्गीच्या छोट्या मोटारी बनवणाऱ्या मेटॉयसाठी त्यांनी ‘प्लेक्राफ्ट’ नावाने ब्रिटिश गाड्या बनवल्या. त्या १:८७ मध्ये आणि इंग्लंडातलं बाकी सगळं १:७६ मध्ये, रूळ मात्र दोघांचे सारखेच १६.५ मिलिमीटरचे. त्यामुळे प्लेक्राफ्टचं इंजिन ट्रायअँग या इंग्लिश कंपनीच्या इंजिनाशेजारी उभं केलं की धाकट्या भावासारखं दिसतं. तिथे ते फार चाललं नाही.

फ्रान्समध्ये मात्र रेल्वेत जे जे गाजलं ते ज्वेफच्या खोक्यात आलं. युद्धानंतर अमेरिका आणि कॅनडातून मागवलेली १४१ आर वाफेची इंजिनं (१,३४० मागवली, १७ वाटेत समुद्रात गेली) आली. १९६७ मध्ये ताशी २०० किलोमीटरने धावू लागलेल्या पॅरिस-तुलूझ ‘कापितोल’ गाडीचं लाल इंजिन आलं. ते माझं सगळ्यात लाडकं. मी कल्याणचा आहे आणि त्या खऱ्या इंजिनाच्या डोक्यावरच्या तारेत १५०० व्होल्ट डीसी, म्हणजे तेव्हा आपल्या लोकलच्या तारेत होता तोच दाब. आणि १९८१ मध्ये पॅरिस-ल्यों टीजीव्ही ही अतिवेगवान गाडी सुरू झाली, तेव्हा नारिंगी टीजीव्ही. एका पिढीतल्या कुठल्याही फ्रेंच माणसाला विचारा, लहानपणी ती त्याच्याकडे तरी होती नाहीतर त्याला हवी तरी होती.

पुढची गोष्ट चटकन संपते. मुलं पडद्यासमोर गेली, स्वस्त खेळणी आशियातून येऊ लागली. नव्वदच्या दशकात इटलीच्या लिमा समूहाने ज्वेफ घेतली, काही वर्षांत शाम्पान्योलचा कारखाना बंद झाला, मग लिमाही बुडाली. २००४ मध्ये हे सगळं विकत घेतलं कोणी? हॉर्नबीने! ती कंपनी आता इंग्लंडातल्या मार्गेटची, बोबिन्यीशी तिचा नावापलीकडे फारसा संबंध नाही. तरी ज्या नावाला ज्वेफने घरच्या मैदानात हरवलं त्याच नावाच्या मालकीत ती गेली. ज्वेफ आजही मिळते, चीनमध्ये बनते, तपशील उत्कृष्ट असतात आणि किंमत ऐकून त्या आजीबाईंना भोवळ येईल. दाजींना ही नवी ज्वेफ आवडते. यात काय ते आलं.

डबे आखूड होते हे खरं आहे, नाकारत नाही. पण ते जेवणाच्या टेबलावर मावणाऱ्या वळणांसाठी आखूड होते. लांब डबा अशा वळणावर एक तर रुळावरून उतरतो नाहीतर शेजारच्या गाडीला घासतो. मार्कलीननेही वर्षानुवर्षं आखूड डबे विकलेत, तेव्हा कोणाच्या खिशातून पट्टी निघाली नाही.

तुमच्या संचाबद्दल. विकू नका, कारण ढिगाने बनलेला माल आहे, फार काही हाती लागणार नाही. अपवाद खोक्यासकट न वापरलेले जुने संच, त्यांना गिऱ्हाईक असतं. चालवायचा असेल तर सोबत आलेला ट्रान्सफॉर्मर भिंतीतल्या प्लगमध्ये अजिबात घालू नका. जुने फ्रेंच ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्टचेही असतात आणि त्यांच्या वायरींचं रबर वाळून तडकलेलं असतं. इथला १२ व्होल्ट डीसीचा नवा कंट्रोलर घ्या. जुने रूळ पोलादी असतात, गंजले असतील तर घासत बसण्यापेक्षा नवे घेतलेले बरे. फक्त रूळ फार कमी उंचीचे घेऊ नका, जुन्या चाकांच्या कडा खोल असतात, त्या रूळ धरणाऱ्या खिळ्यांवर आपटत जातात. इंजिन गुरगुरतंय पण हलत नाही असं झालं तर आधी प्लास्टिकचं दातेरी चाक तडकलंय का ते बघा. आणि जाणकारांचं मार्कलीन इंजिन हौसेने या रुळांवर ठेवू देऊ नका, त्यांची चाकं एकमेकांपासून इन्सुलेटेड नसतात, सरळ शॉर्ट होईल.

हे सगळं तुमचा संच साठ ते ऐंशीच्या दशकातला आहे असं धरून. डब्याच्या तळाशी काय छापलंय ते बघून कळवा. फ्रान्स लिहिलं असेल तर प्रश्नच नाही. चीन लिहिलं असेल तर तो हॉर्नबीच्या काळातला, आणि ‘जुना’ म्हणून मामांनी त्याचे किती मोजले ते एकदा मामांनाच विचारा.