कौन्सिलचे पेनल्टी पॉइंट: नव्या टॅक्सीचालकासाठी

बॅज मिळाल्याबद्दल अभिनंदन! आधी एक घोळ मिटवू. टॅक्सीचं लायसन्स देणाऱ्या कौन्सिलचे (स्थानिक पालिकेचे) नियम मोडल्याबद्दलचे पॉइंट आणि डीव्हीएलएचे (ब्रिटनमध्ये ड्रायव्हिंग लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेचे) पॉइंट ही दोन वेगळी खाती आहेत. इंग्लंडमध्ये दर कौन्सिलची योजना निराळी. अनेक ठिकाणी 12 महिन्यांत 12 पॉइंट झाले की प्रकरण लायसन्सिंग समितीपुढे जातं. आपल्या कौन्सिलचा पॉइंटचा तक्ता आजच वाचा.

नवखे चालक बहुतेक वेळा कळवायचं राहून गेल्यामुळे अडकतात:

- अपघातात गाडीची सुरक्षितता, चाल किंवा नुसतं रूप बिघडलं तरी 72 तासांच्या आत कौन्सिलला कळवा. टॅक्सी लायसन्सिंगच्या 1976 च्या कायद्यातच हे आहे. ‘बंपरच तर चेपलाय, विम्याला सांगितलंय’ हे चालत नाही.
- अटक झाली, आरोप ठेवला गेला किंवा वेगमर्यादेचा दंड झाला, तर बऱ्याच कौन्सिलांत मुदत 48 तासांची असते. ईमेलच करा, म्हणजे पुरावा राहतो.
- बॅज अंगावर दिसेल असा लावा. खिशातला बॅज मोजत नाहीत.

प्रायव्हेट हायर (फक्त आधी बुक केलेले प्रवासी घेणारे) असाल तर बुकिंगशिवाय कुणालाही बसवू नका, रात्री पाऊस पडत असला तरी. तो गुन्हा आहे, शिवाय विमाही लागू होत नाही. मदतनीस कुत्रा (उदा. अंध व्यक्तीला वाट दाखवणारा) असलेल्या प्रवाशाला नाकारणं हाही गुन्हाच. ॲलर्जी असेल तर या नियमातून सूट देणारं प्रमाणपत्र आधीच काढून गाडीत लावा.

पॉइंटची नोटीस आली तर तारीख, जागा, नियम तपासून मुदतीत लेखी उत्तर द्या. लायसन्स निलंबित किंवा रद्द झालं, तर मॅजिस्ट्रेट कोर्टात अपिलाला 21 दिवस मिळतात.