मुंग्यांच्या पहाऱ्यात अंडी घालणारी गांधीलमाशी

फोटोंसह आलेला प्रश्न असा होता: जर्मनीच्या बवेरिया राज्यातल्या बागेत ब्रॉड बीन्सच्या (शेंगभाजीच्या) शेंड्यांवर काळा मावा (रस शोषणारी कीड) माजलाय, काळ्या मुंग्या त्याची राखण करतायत, आणि तरी चिलटाएवढी एक काळी 'माशी' त्यांच्यामधून बिनधास्त फिरतेय. ती कोण, आणि मुंग्यांचा बंदोबस्त करायचा का?

ती माशी नव्हे, परोपजीवी गांधीलमाशी आहे. आकार जेमतेम दोन मिलिमीटर, माणसाला डंख वगैरे काही नाही. या मावावर आणि मुंग्यांच्या इतक्या गर्दीत ती दिसते म्हणजे बहुधा लिसिफ्लेबस फाबारम. तुमच्या दुसऱ्या फोटोत पानाच्या शिरेला चिकटलेले फुगीर, तपकिरी, न हलणारे मावे आहेत ना, ती तिचीच करामत. त्यांना 'ममी' म्हणतात.

भिंग असेल तर दुपारच्या उन्हात जरा वेळ बघत बसा. मादी मावाजवळ येते, मिशांनी त्याला टकटक करते, मग पोट स्वतःच्याच पायांमधून पुढे वाकवते आणि टोचते. एका टोचण्यात एक अंडं. अळी मावाला आतून खाते, त्याच्याच कातडीत कोष विणते आणि साधारण दोन आठवड्यांत गोल झाकण कापून नवी गांधीलमाशी बाहेर पडते. कधीकधी मादी टोचतच नाही. गोड थेंब मागणाऱ्या मुंग्यांसारखी भराभर मिशा आपटते, मावा फसतो आणि गोड थेंब सोडतो, बाई तो पिऊन पुढे जातात!

आता मुंग्या गप्प का? हे कोडं तुमच्या बवेरियातच, बायरॉइट विद्यापीठात उलगडलं गेलं. तिथले संशोधक वोल्फगांग फ्योल्कल यांनी थिसल या काटेरी रानटी झाडावरचा मावा, लासियस नायगर या काळ्या मुंग्या आणि लिसिफ्लेबस कार्डुई ही फाबारमची बहीण यांचा अभ्यास केला. ट्रायॉक्सिस नावाची दुसरी परोपजीवी त्याच वसाहतीत शिरली की मुंग्या तिला हुसकावून लावत. कार्डुईकडे मात्र ढुंकूनही बघत नसत. कारण तिच्या अंगावरच्या मेणचट थरातल्या हायड्रोकार्बनचं मिश्रण मावाच्या थरासारखं असतं. मुंगी मिशीने हुंगते, तिला 'आपलंच जनावर' वाटतं.

फ्योल्कल यांच्या १९९२ च्या लेखातला खरा धक्का पुढे आहे. या ममींनाही शत्रू असतात, म्हणजे परोपजीवींवरचे परोपजीवी. मुंग्यांचा वावर असला की त्यांना निवांतपणे अंडी घालता येत नाहीत. म्हणजे मुंग्या राखतात मावा, आणि त्याच पहाऱ्यात वाढतात मावा मारणाऱ्यांची पोरं. मुंग्या असलेल्या वसाहतीतून कार्डुईची पिल्लं जास्त सुखरूप बाहेर पडत होती. (याहून निलाजरी म्हणजे पॅरालिप्सिस ही आणखी एक परोपजीवी गांधीलमाशी: ती मुंग्यांच्या वारुळातल्या मुळांवरच्या मावात अंडी घालते आणि वर मुंग्यांच्या तोंडातून घासही मागून घेते.)

म्हणून 'आधी मुंग्या मारा' हा सरसकट सल्ला मला इथे पटत नाही. मुंग्या हटवल्या की मावा खाणारे लेडीबर्ड भुंगेरे येतील हे खरं, पण ते आणि त्यांच्या अळ्या ममीसुद्धा फस्त करतात. ममी नसत्याच, तर मीही मुंग्यांची वाट अडवा असंच म्हटलं असतं.

तुमच्याकडे मोजकी झाडं आहेत. खालच्या शेंगा धरल्या असतील तर मावाने भरलेले कोवळे शेंडे खुडून टाका. ब्रॉड बीन्सला ते मानवतं, आणि मावाला शेंडेच आवडतात. खुडलेल्यात ममी असतील तर ते शेंडे पिशवीत न कोंबता झाडाखालीच ठेवा. कीटकनाशक नको, त्याने हिंडणाऱ्या माद्या आधी मरतात.

रिकाम्या ममीचं भोकही बघा. कडा गुळगुळीत आणि झाकण लटकत असेल तर लिसिफ्लेबस बाहेर पडली. कडा कुरतडल्यासारखी असेल तर वरचढ शत्रूने डाव साधला.

मात्र ही गांधीलमाशी सगळा मावा संपवेल अशी आशा धरू नका. काही माव्यांच्या शरीरात हॅमिल्टोनेला नावाचा जीवाणू राहतो आणि तो गांधीलमाशीची अंडी-अळ्या वाढू देत नाही. अशा माव्यांची पिलावळ मागे उरते, म्हणून सगळं काम तिच्यावर सोडू नका, शेंडे खुडाच.